मूळ अख्खंच हवं

केसपेपरवर आधी लिहिलं गेलं ते 'ॲक्युट गॅस्ट्रोएंटेरायटिस', म्हणजे पोटाचा बिघाड. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, पन्नाशी उलटलेला माणूस उलट्या करतोय आणि सकाळी टपरीवर पोहे खाल्लेत म्हणतोय. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी दुसरं काय लिहावं? पण आमच्या कारखान्यातल्या मामांच्या उलट्या पोह्यांच्या नव्हत्या. त्यांचं कारण माझ्या खिशात होतं. झिपच्या छोट्या पिशवीत बोटभर लांबीचं, मणी ओवल्यासारखं वळ्यावळ्यांचं एक तपकिरी मूळ.

रबाळ्याला एमआयडीसीत आमचं युनिट आहे. वनस्पतींचे अर्क काढतो, क्वालिटी कंट्रोल माझ्याकडे. ते मूळ इपेकॅकचं. ब्राझीलच्या दमट जंगलात वाढणारं लहानसं झुडूप, कॉफी आणि सिंकोना यांच्या कुळातलं. आपल्याकडे दार्जिलिंगजवळ मंगपूला सिंकोनाच्या मळ्यांसोबत त्याचीही लागवड झाली. मुळाच्या जाड सालीत दोन मुख्य अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतली तीव्र परिणामाची द्रव्यं, असतात, एमेटिन आणि सेफेलिन. आतल्या लाकडी काडीत जवळपास काही नसतं. दोन्ही अल्कलॉइड उलटी करवतात आणि तीही दोन वाटांनी. आधी जठराचं अस्तर चेतवून, मग रक्तातून मेंदूतल्या उलटीच्या केंद्रापर्यंत पोहोचून. पोटात गेल्यावर साधारण वीस ते तीस मिनिटांत परिणाम दिसतो.

आम्ही उलटीचं औषध बनवत नाही. अगदी कमी मात्रेत हेच मूळ कफ पातळ करतं, म्हणून खोकल्याच्या औषधांसाठी त्याचं टिंक्चर, म्हणजे अल्कोहोलमधला अर्क, जातं. शिवाय वर्षाकाठी एक छोटी ऑर्डर शुद्ध एमेटिन हायड्रोक्लोराइडची असते, संशोधन प्रयोगशाळांसाठी. एमेटिन पेशीतल्या रायबोसोमचं पुढे सरकणं थांबवतं, म्हणजे प्रथिनं तयार होणंच बंद पडतं. पेशींवर काम करणाऱ्यांना हे हत्यार हवं असतं. सगळा गुंता या ऑर्डरपासून सुरू झाला.

इपेकॅकची खरेदी-विक्री एकूण अल्कलॉइडच्या टक्क्यावर चालते. दोन टक्के भरले की माल पास. पण त्या दोन टक्क्यांत एमेटिन किती आणि सेफेलिन किती, हे व्यापाऱ्याच्या कागदावर बहुतेकदा नसतंच. पेलेतिए आणि माजांदी यांनी १८१७ मध्ये पॅरिसला 'एमेटिन' वेगळं काढलं खरं, पण ते मिश्रणच होतं. एमेटिन आणि सेफेलिन ही दोन वेगळी द्रव्यं आहेत हे पॉल आणि काउनली यांनी १८९४ मध्ये दाखवलं. त्यालाही आता सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, आणि अजून लोक एकच आकडा बघून माल उचलतात, याचा मला मनापासून राग येतो. सेफेलिन जास्त उलटी करवतं आणि जास्त झोंबतं. आमांशाच्या अमिबावर मात्र एमेटिन जास्त चालतं. अमेरिकन मानकात उलटीच्या सिरपसाठी सेफेलिन निदान एमेटिनइतकं तरी असावं अशी अट आहे. आम्हाला हवं त्याच्या उलट, एमेटिन भरपूर असलेलं ब्राझीलचं, म्हणजे रिओ जातीचं मूळ. कोस्टा रिका, निकाराग्वाकडच्या मुळात सेफेलिनचा वाटा मोठा असतो. पंचवीस किलो मुळात दोन टक्क्यांनी अर्धा किलो अल्कलॉइड. त्यात दोन तृतीयांश एमेटिन असेल तर तीनशे तीस ग्रॅम, निम्मं असेल तर अडीचशे. आमच्यासारख्या छोट्या युनिटला ऐंशी ग्रॅम एमेटिन म्हणजे अख्ख्या ऑर्डरचा नफा.

गेल्या वर्षी माल पावडर करून आला होता. सोबत सीओए, म्हणजे तपासणीचा दाखला, त्यावर एकूण अल्कलॉइड २.२ टक्के. मी तपासलं तर मलाही जवळपास तेवढंच मिळालं.

ही तपासणी कशी होते ते सांगतो, कारण ती खोटी नसते आणि तरीही फसवते. साडेसात ग्रॅम बारीक पावडर कोरड्या फ्लास्कमध्ये घ्यायची, त्यावर शंभर मिली ईथर, पाच मिनिटं हलवायचं. मग पाच मिली पातळ अमोनिया. अल्कलॉइड मुळात क्षारांच्या रूपात असतात, अमोनियाने ते मोकळे होऊन ईथरमध्ये उतरतात. एक तास हलवायचं. नंतर पाच मिली पाणी घालून जोरात हलवलं की ओली पावडर गोळा होऊन तळाशी बसते आणि वरचं ईथर स्वच्छ ओतून घेता येतं. घाई केली तर इथेच पावडर तरंगत राहते आणि कापसाच्या बोळ्यातून खाली उतरते. चोथा पंचवीस पंचवीस मिली ईथरने दोनदा धुवायचा. सगळं ईथर उडवायचं, उरलेला राळेसारखा थर थोड्या अल्कोहोलमध्ये घेऊन पुन्हा सुकवायचा. अमोनियाचा अंशही राहता कामा नये, नाहीतर आकडा फुगतो. मग न्यूट्रल अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात पंधरा मिली ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड, आणि उरलेलं ॲसिड तेवढ्याच ताकदीच्या कॉस्टिक सोड्याने मोजायचं. एक मिली ॲसिड म्हणजे २४.०३ मिलिग्रॅम एमेटिन. माझ्या ब्युरेटला ८.२ मिली लागले, म्हणजे ६.८ मिली ॲसिड अल्कलॉइडने खाल्लं. १६३ मिलिग्रॅम. २.१८ टक्के.

आकडा बरोबर होता. पण '२४.०३ मिलिग्रॅम एमेटिन' हे मोजमाप सगळं काही एमेटिनच आहे असं धरून चालतं. ॲसिडला एमेटिन आणि सेफेलिन सारखेच.

मग मी टीएलसी प्लेट लावली. मिश्रणातली द्रव्यं हिच्यावर वेगवेगळ्या ठिपक्यांत सुटी होतात. सिलिका जेल, टोल्युइन ६५, इथाइल ॲसिटेट १८, मेथेनॉल १५, अमोनिया २. प्लेट सुकवून आयोडिनचा फवारा मारायचा आणि साठ अंशांवर दहा मिनिटं ठेवायची. साध्या उजेडात एमेटिनचा ठिपका लिंबासारखा पिवळा, सेफेलिनचा फिकट तपकिरी. अंधाऱ्या पेटीत ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरली की एमेटिन झळझळीत पिवळं पेटतं आणि सेफेलिन फिकट निळं. इतकी वर्षं करतोय, तरी त्या पेटीत डोकावताना मला अजून आनंद होतो. त्या दिवशी मात्र निळा पिवळ्याच्या बरोबरीने उजळला होता. खात्रीसाठी अल्कलॉइडचं ईथर कॉस्टिक सोड्याबरोबर हलवलं. सेफेलिनला फिनॉलचा गट असतो, त्यामुळे ते खाली सोड्यात जातं आणि एमेटिन वर ईथरमध्ये राहतं. दोन्ही थर वेगळे मोजले. जवळपास निम्मं निम्मं.

सूक्ष्मदर्शकाखाली आणखी गोष्टी दिसल्या. रिओ मुळातले स्टार्चचे कण पंधरा मायक्रॉनपर्यंत असतात, इथे वीस-बावीसचे कण भरपूर. शिवाय जाड भिंतीच्या दगडी पेशी. त्या मुळात नसतात, जमिनीखालच्या खोडात असतात. म्हणजे कोस्टा रिकाचा माल, त्यात खोडाचे तुकडे, आणि वर लेबल ब्राझीलचं. अख्खं मूळ समोर असतं तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. रिओचं मूळ बारीक, वळ्या दाट आणि पूर्ण गोल फिरलेल्या. दुसरं जाडजूड, नऊ मिलिमीटरपर्यंत, वळ्या एक ते तीन मिलिमीटरच्या अंतराने आणि अर्ध्यावरच थांबलेल्या. टेबलावर पसरून दोन मिनिटांत सांगता येतं. पावडर केली की मुळाचा चेहरा पुसला जातो. भेसळवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. एके काळी इपेकॅकच्या पावडरीत दुसऱ्याच कशाचा भुगा मिसळत, हे औषधी वनस्पतींच्या पुस्तकांत छापून आलंय.

नावांचाही घोळ असतो. आपल्या कोकणात मिळणाऱ्या अंतमुळाला बाजारात 'इंडियन इपेकॅक' म्हणतात. त्याच्या पानांनीही उलटी होते, पण त्यात टायलोफोरिन असतं, एमेटिनचा पत्ता नाही. वमनासाठी वापरतात ते गेळफळ तर इपेकॅकच्याच कुळातलं, पण त्याचं काम चालतं सॅपोनिन नावाच्या वेगळ्याच द्रव्यांवर. उलटी होते एवढ्यावरून द्रव्य एक ठरत नाही.

म्हणून या वर्षी मी लेखी दिलं : मूळ अख्खंच हवं, पावडर घेणार नाही. मालकांनी कुरकुर केली, पण मानलं. मूळ अख्खं आलं, म्हणजे ते दळायचं कोणी? आम्ही. आमच्या पल्व्हरायझरवर. म्हणजे मामांनी.

मामा ठेकेदाराकडचे हेल्पर, घणसोलीला राहतात, बारा-तेरा वर्षं दळणाच्या खोलीत. हळद, ज्येष्ठमध, अडुळसा, सगळं त्यांच्या हातून गेलेलं. माल मेच्या शेवटी आला. सुंदर रिओ मूळ, टेबलावर पसरलं तेव्हा मन भरून आलं. पहिले आठ किलो जूनच्या मध्यात दळले. त्यानंतर दोन-तीन दिवस मामा शिंकत होते, डोळे चोळत होते. पावसाळा लागला, सर्दी झाली असेल, असं तेही म्हणाले आणि मीही. इपेकॅकच्या धुळीने शिंका, डोळ्यांना पाणी आणि दमा होतो, औषधाच्या कारखान्यांत ती ॲलर्जी नोंदलेली आहे, हे मी वाचलेलं होतं. मालासोबतच्या सुरक्षिततेच्या डेटा शीटवर ओळ आहे. मीच ती फाइलला लावली आहे. आणि मामा समोर शिंकत असताना मला ती आठवली नाही.

त्या दिवशी दुसरे आठ किलो लावले. दमट हवेत हे मूळ पाणी ओढतं. ओलं मूळ दळताना जाळीवर लगदा बसतो, म्हणून आधी ट्रे-ड्रायरमध्ये पंचेचाळीस अंशांवर ठेवतो. वाळलेलं मूळ तडकन मोडतं आणि सालीचा पिठासारखा भुगा उडतो. तो ओढायला डस्ट कलेक्टर आहे. पण त्याची कापडी पिशवी रात्रभराच्या ओलीने चिकटली होती, ओढ निम्म्यावर आली. खिडकीतून पाऊस आत येत होता म्हणून ती लावून घेतलेली. ३५५ मायक्रॉनची जाळी तुंबली तेव्हा मामांनी मशिन थांबवून झाकण उघडलं आणि ब्रशने जाळी झाडली. तोंडावर कापडी मास्क, डोळ्यांवर काही नाही. साडेदहाला चहा झाला. चहा-बिस्किटं त्यांनी दळणाच्या खोलीच्या उंबऱ्यातच घेतली. हात धुतले की नाही, ते त्यांनाही आठवत नाही.

अकरा-सव्वाअकराला ते माझ्या लॅबच्या दारात आले. डोळे लाल, नाकातून पाणी, बोलताना दम लागत होता. "साहेब, जीव घाबरा झालाय," एवढंच म्हणाले आणि सिंकवर वाकले. पुढच्या अर्ध्या तासात चार उलट्या झाल्या. छातीतून शिट्टीसारखा आवाज दारातून ऐकू येत होता. मी त्यांचा शर्ट बदलायला लावला, डोळे नळाखाली धुवायला लावले, एक मूळ पिशवीत टाकलं, डेटा शीटची प्रत घेतली आणि रिक्षा केली. ठाणे-बेलापूर रोडला पाणी भरलेलं. एरवी दहा मिनिटांची वाट, पाऊण तास लागला. मामांचे ओठ काळपट पडत चाललेत का, हे मी दर मिनिटाला बघत होतो.

कॅज्युअल्टीतले डॉक्टर तरुण होते, त्यांच्यासमोर दहा माणसं रांगेत. पोहे, उलट्या, सलाईन. मी मधेच तोंड घातलं, ते त्यांना आवडलं नाही. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "डॉक्टर, हे इपेकॅक. यांनी याची धूळ सकाळभर ओढली आहे. आधी छाती ऐका." ते थांबले. स्टेथोस्कोप लावला. मग सगळं भराभर झालं. ऑक्सिजन ९१. साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन, हायड्रोकॉर्टिसोन, डोळे सलाईनने धुणं. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन दिलं, आणि ते इथे नेमकं लागू होतं. या गटातली औषधं तपासताना निरोगी माणसांना इपेकॅक पाजूनच त्यांची परीक्षा घेतलेली आहे.

वरून सीनियर डॉक्टर आले, साठी ओलांडलेले. मूळ हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि त्या तरुण डॉक्टरांना म्हणाले, "एमेटिन आहे यात. ईसीजी काढा." आमांशावर एमेटिनची इंजेक्शनं देत, तो काळ त्यांनी शिकताना ऐकलेला. लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात १९१२ मध्ये ती इंजेक्शनं आमांशाच्या रोग्यांना दिली आणि मरणाच्या दारातले लोक उठले. मात्रा वजनाच्या किलोला एक मिलिग्रॅम, दिवसाला साठच्या वर नाही, दहा दिवसांच्या पुढे नाही, शिरेतून कधीच नाही. रोग्याला पलंगावर पडूनच राहायचं, नाडी आणि रक्तदाब रोज बघायचे. कारण एमेटिन हृदयाच्या स्नायूत जाऊन बसतं आणि आठवड्यांनी बाहेर पडतं. पुन्हा द्यायचं तर मधे निदान सहा आठवडे. ईसीजीवर आधी टी नावाची लाट उलटी होते, मग क्यूटी हे लाटांमधलं अंतर लांबतं. १९६० च्या दशकात मेट्रोनिडाझोल आलं आणि एमेटिन मागे पडलं. मामांचा ईसीजी सरळ आला. धुळीतून तेवढं एमेटिन जाणं शक्य नव्हतंच, पण त्या डॉक्टरांनी मुळाचं नाव ऐकून हृदयाकडे बघितलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटला.

तेवढ्यात शेजारच्या खाटेपाशी गडबड झाली. ऐरोलीचं एक जोडपं, दोन-अडीच वर्षांचा मुलगा, रंगकाम चालू असलेल्या घरात त्याने बाटलीतलं टर्पेंटाइन तोंडाला लावलेलं. बाप सारखा म्हणत होता, उलटी करवा, पोट साफ करा. घरी मिठाचं पाणी पाजायला निघाले होते, आजीने थांबवलं. त्याने आमचं बोलणं ऐकलं होतं. माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, त्या मुळाने उलटी होते ना? थोडं द्या की."

मी पिशवी मुठीत घट्ट धरली. उलटी का नको ते इथे नीट लिहितो, कारण विष पोटात गेलं की उलटी करवायची हा समज घरोघरी आहे. टर्पेंटाइन, रॉकेल, थिनर हे पोटात असताना त्रास मर्यादित असतो. उलटी होताना त्याचे थेंब श्वासनलिकेत गेले की फुप्फुसं सुजतात, आणि मूल त्याने दगावू शकतं. ॲसिड किंवा कॉस्टिक प्यायलं असेल तर वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. गुंगी आलेल्या माणसाला उलटी करवली तर तो गुदमरतो. आणि मिठाचं पाणी तर स्वतःच विष ठरतं, रक्तातलं सोडियम चढून लहान मुलं झटक्यात गेलेली आहेत. अमेरिकेत १९६५ पासून इपेकॅक सिरपच्या तीस मिलीच्या बाटल्या चिठ्ठीशिवाय मिळत, डॉक्टर आईबापांना घरी ठेवायला सांगत. मुलाला पंधरा मिली आणि वर पाणी. पुढे अभ्यासांत दिसलं की उलटीतून विषाचा किती भाग बाहेर पडेल याचा काही भरवसा नाही, रोगी त्याने जास्त वाचतात असाही पुरावा नाही, उलट्या चालू असताना विष शोषायला देतात ती कोळशाची मात्रा पोटात टिकत नाही. २००३ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने घरात ठेवलेल्या बाटल्याही टाकून द्या असं सांगितलं. त्याआधी सिरपच्या जागी चुकून फ्लुइड एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे मुळाचा तीव्र अर्क, दिला गेल्याने माणसं मेलेली. तो सिरपच्या चौदा पट तीव्र असतो, आणि नाव जवळपास तेच.

एवढं सगळं त्या बापाला मी अर्थातच सांगितलं नाही. "उलटीने तेल छातीत जाईल, डॉक्टरांना बघू द्या," एवढंच म्हणालो. मुलाला सहा तास नजरेखाली ठेवलं, छातीचा एक्स-रे काढला. संध्याकाळी तो बिस्किट खात होता.

मामांना रात्रभर ठेवलं. बाकावर बसून मी हिशोब मांडत होतो आणि तो अजून सुटलेला नाही. उलटीच्या सिरपची पंधरा मिलीची मात्रा म्हणजे सुमारे वीस मिलिग्रॅम अल्कलॉइड. आमच्या मुळाच्या हिशोबाने एक ग्रॅम पावडर. सकाळभरात एक ग्रॅम धूळ पोटात जाईल का? नाकातली, घशातली धूळ कफासोबत गिळली जाते. बोटांवरची बिस्किटांबरोबर गेली. कमी मात्रेनेही मळमळतं. की खोकल्याच्या उबळीनेच उलट्या झाल्या? दम्याबद्दल शंका नाही, तो ॲलर्जीचा. जूनमध्ये शरीराने ओळख करून घेतली आणि जुलैत हल्ला केला. उलट्यांबद्दल मला ठाम सांगता येत नाही.

सकाळी डिस्चार्ज कार्ड हातात आलं. त्यावर पुन्हा 'ॲक्युट गॅस्ट्रोएंटेरायटिस विथ ब्रॉन्कोस्पाझम', म्हणजे पोटाचा बिघाड आणि सोबत श्वासनलिका आवळणं. पहिल्या पानावरून कुणीतरी उतरवलेलं. दमा, नेब्युलायझर, ईसीजी सगळं आत होतं, वर नाव मात्र भलतंच. गेल्या वर्षीच्या सीओएसारखंच. मी तिथेच बसून राहिलो. कामाच्या प्रक्रियेतल्या ॲलर्जीकारक द्रव्याने होणारा दमा कामगारांना नुकसानभरपाई देणाऱ्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजार म्हणून आहे. पोटाच्या बिघाडाला तिथे जागा नाही. ठेकेदाराचा माणूस बाजूला येऊन म्हणाला, साहेब, कशाला लांबवताय, बिल भरलंय ना. त्याला मामांचं ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड विचारलं तर म्हणाला, प्रोसेसमध्ये आहे. बारा वर्षांच्या माणसाचं कार्ड प्रोसेसमध्ये. ज्याने माणसं पुरवायचं काम अंगावर घेतलंय, त्याला माणसाची एवढीही जबाबदारी नको असेल तर त्याने तो धंदा करू नये. साडेअकराला सीनियर डॉक्टर राउंडवरून आले. त्यांनी स्वतःच्या हाताने खाडाखोड करून लिहिलं : 'ऑक्युपेशनल अस्थमा, इपेकॅकुआन्हा डस्ट एक्स्पोजर', सही, तारीख, शिक्का.

उरलेल्या मुळावर मी क्वारंटाइनची पट्टी लावली आहे. ते कोरडं दळायचंच नाही, अशी पद्धत लिहून दिली. कटरने मुळाचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे करायचे, तुकड्यांना अल्कोहोल पाजून चार तास फुगू द्यायचं आणि ओलंच दळायचं. धूळ उडत नाही, अर्कही चांगला उतरतो. त्यासाठी मोटर फ्लेमप्रूफ, म्हणजे आग बाहेर न जाऊ देणारी, लागते, कारण अल्कोहोलची वाफ. खर्च आहे. तपासणीपुरते पन्नास ग्रॅम फ्यूम हूडमध्ये बंद भांड्यात दळायचे, उघडायच्या आधी दहा मिनिटं बसू द्यायचं. डस्ट कलेक्टरच्या पिशव्या जून ते सप्टेंबर रोज वाळवायच्या, ओढ मीटरवर बघूनच मशिन चालू. साधा मास्क पुरत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा फिल्टरवाला रेस्पिरेटर आणि चष्मा. कुणी दोनदा शिंकला तरी माझ्या वहीत नोंद.

मामांना आता या मुळाच्या आसपासही जाता येणार नाही. एकदा शरीराने खूणगाठ बांधली की चिमूटभरही पुरते. त्यांना पॅकिंगला घेतलं. तिथे दळणाचा भत्ता नाही. त्यांनी तक्रार केली नाही. गेल्या आठवड्यात डबा खाताना विचारलं मात्र, "साहेब, पावडरच मागवली असती, गेल्या वर्षासारखी, तर?"

तर कुठल्यातरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या कुणीतरी ती दळली असती, हे मी त्यांना म्हणू शकलो नाही.

व्यापाऱ्याची पुढच्या मालासाठी मेल आली आहे, मूळ की पावडर. मी 'मूळ' लिहिलं, आणि खाली 'मोटर बसल्याचं कळवेपर्यंत पाठवू नये'. मालकांची सही अजून झालेली नाही.